कान्हेरीच्या पावलांचा साचा

हे आत्ताच सांगायला हवं. उद्या नाही, घरी गेल्यावर नाही, आत्ता. साहेब जेवायला गेलेत, अर्धा-पाऊण तास हातात आहे आणि ऑफिसात गेल्या आठवड्यात आलेला नवा मराठी टाइपरायटर माझ्या समोर आहे. राज्य मराठी झालं म्हणून तो आला. बाकी कुणी त्याला हात लावत नाही, सगळे इंग्रजीवाले, त्यामुळे तो माझाच. ‘ळ’ कुठे आहे ते अजून बोटांना पाठ नाही. चुका होतील, खोडत बसणार नाही.

तर सकाळी झालं असं की मी आमच्या लालबागच्या गल्लीतून कामाला निघाले आणि गणपतीच्या कारखान्यापुढे हातगाडी उभी. शाडूची पोती उतरत होती. एक पोतं उसवलेलं होतं, त्यातून ती पांढुरकी माती भसकन रस्त्यावर सांडली, माझ्या चपलांवर, साडीच्या काठावर. आणि तो वास. कोरड्या शाडूला वास नसतो म्हणतात. असतो! खूप दिवस बंद असलेली पेटी उघडल्यासारखा, थोडा खाडीचा, थोडा जुन्या भिंतीचा. मी तिथेच उभी राहिले आणि मला एकदम दमायला झालं. सकाळी साडेआठला! रात्रभर झोपून उठलेली वीस वर्षांची मुलगी, आणि तीन वर्षांपूर्वीचा अख्खा वैशाख पायात उतरला.

तुमच्याकडे वैशाख म्हणजे आंबे असतील. आमच्याकडेही गावाहून पेटी येते, गवतात हात घालून पिकलेला आंबा चाचपायचा असतो. पण लालबागला वैशाखात शाडू येतो. अक्षय्य तृतीयेला कारखान्यात पाट पुजतात, पहिला गोळा मळतात आणि तिथून पुढे गल्लीचा रंगच बदलतो. दोरीवरचे कपडे, लोणच्याची बरणी, मांजरं, सगळ्यांवर बारीक पांढरी पूड. आई म्हणते, “गणपती येवच्या आधी तेची पावडर येता.”

आणि त्या कारखान्यात आमचे आप्पा.

आप्पा म्हणजे माझे थोरले काका, बाबांचे मोठे भाऊ. लग्न केलं नाही, आमच्याच खोलीत राहतात. दिवसा मिल, मिल सुटली की कारखाना. कारखान्यात लागले तर साचेही काढायचे, पण त्यांचं खरं काम एकच, आखणी. म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. मूर्ती कुणीही घडवो, रंग कुणीही लावो, डोळे आप्पांनी. श्वास धरायचा आणि एका फटक्यात भुवई. त्या वेळी कारखान्यात कुणी शिंकायचंसुद्धा नाही. मी लहानपणी दोन्ही हात तोंडावर दाबून बघत बसायचे, कारण माझं तोंड.

माझ्या तोंडाचं आधीच सांगून टाकते. माझ्या पोटात काही राहत नाही. कुणाकडे पाहुणे येणार, कुणाचं जमलेलं लग्न मोडलं, माझ्या कानावर पडलं की तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचलंच. आप्पांनी माझं नाव ठेवलं होतं भोंगो. मिलचा भोंगा. मी जिना चढायला लागले की म्हणायचे, “इलो आमचो भोंगो. आता सगळ्यांका बातमे कळतले.”

आप्पांचा उजवा हात छप्पनच्या जानेवारीत गेला. मुंबई आपल्याला देत नाहीत असं कळलं आणि सगळं गिरणगाव रस्त्यावर उतरलं, तेव्हा. आप्पा काही पुढारी नव्हेत. मोर्च्यात मधल्या कुठल्यातरी रांगेत चालणारे, घोषणासुद्धा हळू देणारे. लाठी डोक्यावर येत होती, त्यांनी हात आडवा घातला. मनगट. हाड जुळलं पण वाकडं जुळलं. चहाचा कप उचलला की बशी वाजायची. त्या वर्षी कारखानदार म्हणाले, “आप्पा, यंदा जरा विश्रांती घ्या.” प्रेमाने म्हणाले. आप्पा कुंचले धुऊन घरी घेऊन आले आणि फळीवर ठेवून दिले. मिलमध्येही त्यांना हलक्या कामावर टाकलं. सगळेच त्या वर्षी काहीतरी गमावून बसलेले होते, एका मनगटाचं काय.

आणि मग तो सत्तावनचा वैशाख. दमलेला वैशाख, दुसरा शब्दच नाही. निवडणूक होऊन गेली होती. आपली माणसं निवडून आली होती, गुलाल उधळून झाला होता, आणि तरी राज्य काही आलं नव्हतं. भिंतींवरच्या घोषणा उन्हाने फिक्या पडलेल्या. लोकांचे घसे बसलेले. बाबा पाळीवरून यायचे, भिंतीला टेकायचे आणि म्हणायचे, “आता कोणय बोलवूक इलो तरी माका उठवू नको.” आणि कुणी खालून हाक मारली की उठून, चपला पायात सरकवून सभेला जायचे. जिंकून दमलेली माणसं हरलेल्यांपेक्षा जास्त दमलेली दिसतात हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मी सतरा वर्षांची. मॅट्रिकची परीक्षा दिलेली, निकाल यायचा होता, तोवर दादरला टायपिंगच्या क्लासला जायचे. हिंदमाताला साड्यांच्या दुकानांच्या वर एक लांबट खोली, खाली दुकानदार साड्या उलगडतायत आणि वर आमची मशिनं तडतडतायत. संध्याकाळी करंगळ्या सुजायच्या. पण स्पीड! क्लासात माझ्याएवढा स्पीड कुणाचा नव्हता.

अशात एका संध्याकाळी मास्तर आले. शाळेतले आमचे सायन्सचे मास्तर. त्यांचं नाव मी मुद्दाम टाइप करत नाहीये, का ते पुढे कळेल. राहायला गिरगावात, काळा कोट, आणि कोटाच्या दोन्ही खिशांत दगड. खरेखुरे दगड! खिसे लोंबून कोट पुढून लांब दिसायचा. मुलं हसायची, मीही हसलेय. बारा वर्षं हा माणूस दर रविवारी कान्हेरीच्या रानात जात होता. लोक लेणी बघायला जातात, मास्तर लेण्यांच्या मागच्या उतारावर खडक बघायला. वर्गात ते सांगायचे की ही सगळी मुंबई लाव्हाची आहे. एक लाव्हा आला, थंड झाला, मग हजारो वर्षं शांत गेली, तळी साचली, तळ्यांत बेडूक झाले, त्या बेडकांचे सांगाडे वरळीच्या टेकडीत सापडलेत. मग दुसरा लाव्हा आला आणि सगळं झाकून गेला. तर मधल्या त्या शांत काळात कुणीतरी मोठं, तीन बोटांचं, ओल्या राखेवरून चालत गेलं होतं, असं मास्तरांचं म्हणणं. कारण त्यांना ती पावलं सापडली होती.

त्यांनी कुणाकुणाला पत्रं लिहिली होती. शेवटी एका विद्वानाचं उत्तर आलं, आधी साचा करून पाठवा, मग बघू.

“आप्पा, तुम्ही साचे काढता ना?” मास्तर दारातूनच म्हणाले.

“काढी होतंय. आता हात तसो नाय, मास्तर.”

“डोळे नाही काढायचे. पाय काढायचेत.”

आप्पा हसले. दीड वर्षात पहिल्यांदा. “कोणाचे?”

“तेच तर विचारायचंय जगाला.”

आई आतून म्हणाली, “देवाचे काय ओ, मास्तर?”

“देवाच्याही आधीचे, वहिनी.”

आईने घाबरून हात जोडले.

मग मास्तरांनी कोट सारखा केला आणि जरा हळू बोलले. “जूनमध्ये मी रिटायर होतो, आप्पा. त्याच्या आत पत्र गेलं तर बरं. आत्ता सहीखाली ‘सायन्स टीचर’ लिहिता येतं. नंतर कोण वाचणार? दगड गोळा करणारा म्हातारा, एवढंच.”

आप्पांनी दुसऱ्या दिवशी दाढी केली. फळीवरचे कुंचले उतरवले. मी? माझं संध्याकाळपर्यंत अख्ख्या चाळीला सांगून झालं होतं. तळमजल्यावर तो प्राणी म्हशीएवढा होता, तिसऱ्या मजल्यावर जाईपर्यंत दोन मजल्यांएवढा झाला. गॅलरीत माणसं म्हणायला लागली, “आप्पाचो हात परत कामाक लागलो.” आप्पा ऐकायचे आणि मनगटाला खोबरेल चोळत बसायचे. मास्तरांना ती पावलं खरी ठरायला हवी होती आणि आप्पांना आपला हात. दोघांचं एकाच खड्ड्यात अडकलेलं.

रविवारी सकाळी बोरिवलीला उतरलो आणि चालायला लागलो. आप्पांकडे घमेलं आणि प्लास्टरची पिशवी, माझ्याकडे कुंचले, साबण, तेलाची बाटली आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला शाडूचा गोळा. मास्तरांकडे छत्री. रान वाळलेलं. सागाची मोठाली पानं पायाखाली पापडासारखी फुटत होती. एखादा बहावा मध्येच पिवळाजर्द, बाकी सगळं राखाडी, आणि त्या किरकिर करणाऱ्या किड्यांचा असा आवाज की मिलचं साच्यांचं, म्हणजे मागांचं, खातं आठवलं. राखीव रान, लाकूड तोडायला मनाई, अशी पाटी, आणि पाटीखाली मोळी टेकवून बसलेली एक बाई करवंदं विकत होती. पळसाच्या पानाचा द्रोण भरून घेतला. मास्तर दर दहा पावलांनी वाकून दगड बघायचे. आप्पा प्रत्येक वळणावर बसायचे, मनगट मांडीवर ठेवून. मी दोघांच्या मध्ये पुढे-मागे धावायचे आणि बोलायचे. कुणी ऐकत नव्हतं, पण थांब असंही कुणी म्हणत नव्हतं.

वर लेण्यांशी पोचलो तर तिथे झाडू मारायचा आवाज. बुद्धपौर्णिमा तोंडावर आलेली, परळकडच्या चाळींतल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून लेणी झाडायला आलेल्या. एक मावशी पदर खोचून उभी होती. आम्हाला बघून म्हणाली, “गिरणगावातले ना तुमी? चालण्यावरनंच कळतंय. बसा. पोढीतलं पाणी आहे, गार.” पोढी म्हणजे तिथली खडकात कोरलेली टाकी, उन्हाळ्यातही आटत नाहीत. पाणी इतकं गार होतं की दातांना कळ गेली. मावशी झाडूवर हनुवटी टेकून म्हणाली, “दीक्षा घेऊन वर्ष पण झालं नाय अजून. हात जोडले की पुढं काय म्हणायचं ते मधेच अडतंय बघा. मग म्हटलं, पाठ होईल तेव्हा होईल, आधी झाडून तरी घेऊ.”

मोठ्या लेण्याच्या पडवीत दोन्ही बाजूंना बुद्ध उभे आहेत, मान मागे टाकून बघावे लागतात एवढे. आप्पा कितीतरी वेळ त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिले. अर्धे मिटलेले डोळे. “आखणारो शाणो हुतो,” म्हणाले. “उघडे ठेवले असते तर इतकी वर्सा उभ्या ऱ्हवणाऱ्याचे डोळे दमले नसते?” मावशी हसली. मीही हसले. आत्ता टाइप करताना हसू येत नाहीये, का कोण जाणे.

मास्तरांची पावलं लेण्याच्या मागे, उतारावर. काळा खडक इतका तापलेला की चपलेतून चटका लागत होता. पाला बाजूला केला आणि खरंच होती हो! एकापुढे एक खड्डे. गोलसर, प्रत्येकाच्या पुढच्या बाजूला तीन खाचा, जणू बोटं. वाटलं, आत्ताच कुणीतरी इथून गेलंय आणि पुढच्या वळणाला शेपूट दिसेल. मास्तर सांगत होते की राख ओली झाली की प्लास्टरसारखीच घट्ट होते, म्हणजे निसर्गाने एक साचा आधीच काढून ठेवलाय, आपण फक्त त्याच्यातून पाऊल बाहेर काढायचं. आप्पांना हे फार आवडलं. “म्हणजे आमच्याच धंद्यातलो,” म्हणाले.

मग ते कामाला बसले. कुंचल्याने धूळ काढली, बोटांनी खड्डा चाचपला. आणि थांबले.

मी आप्पांचं थांबणं ओळखते. डोळे आखताना मूर्तीला कुठे बारीक तडा दिसला की ते असे थांबायचे. पण लगेच पुढे चालू झाले. साबणाचं पाणी, वर तेलाचा हात, कडेने शाडूची पाळ. डाव्या हाताने प्लास्टर कालवलं, उजव्याने घमेलं तोललं. हात थरथरत होता पण एक थेंब बाहेर सांडला नाही. खड्डा भरला. आता सुकेपर्यंत थांबायचं. मास्तर उंबराच्या सावलीत बसले, बसल्या बसल्या त्यांची मान पडली. तोंड उघडं, मांडीवर छत्री. बारा वर्षांचे रविवार असे त्यांच्या अंगावरून वाहत होते.

आप्पांनी मला बोटाने बोलावलं. पुढच्या खड्ड्याशी.

“हात घाल आत.”

घातला. आत गरम होतं.

“काय लागता?”

“तिरक्या रेघा. कंगव्यासारख्या.”

“पाथरवटाची टाकी चलली हा ती. माझो बापूस गावाक चिऱ्याच्या खाणीर हुतो. हे घाव माका डोळे मिटून कळतत.” मग उठून त्यांनी दोन खड्ड्यांमधलं अंतर हाताने मोजलं. तीन हात. पुढचं, तीन हात. त्याच्या पुढचं, परत तीन हात. “बघलंस? चालणारो दमता गो. खय तरी थांबता, खय पाय घसरता, खय बाजूक वळता. हयसर कोण दमलोच नाय.”

“अहो मग सांगा ना मास्तरांना!” मी जवळजवळ ओरडलेच. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

कारखान्यात एक रीत आहे. मूर्ती कुणाची, साचा कुणाचा. साचा काढायला आलेल्याने दुसऱ्याच्या मूर्तीला नाव ठेवायचं नाही. मूर्तीत खोट दिसली तरी तो फक्त साचा काढून देतो. बोलायचं ते दुसऱ्या कुणीतरी. आप्पा चाळीस वर्षं त्या रितीत वाढलेले.

“तू सांग,” ते म्हणाले. “तुका सांगूक येता. हय नको, उतरताना सांग. हळू सांग. माका आता कोणाचा तोंड पडलेला बघूचा नाय गो. दीड वर्सा तेच बघतंय. दमलंय मी.”

प्लास्टर सुकताना तापतं आणि मग हळूहळू निवतं. निवल्यावर आप्पांनी तो साचा असा उचलला, जसं आंघोळ घातलेलं मूल उचलावं. मास्तर जागे होऊन धावत आले. चष्मा कपाळावर चढवला आणि साचा डोळ्यांना भिडवला. त्यावर त्या रेघा एकदम लख्ख उठलेल्या. मला वाटलं, आता त्यांनाच कळेल, माझी सुटका.

“शालिनी! बघ, बघ इकडे! कातडीच्या सुरकुत्या! बारा वर्षं या खड्ड्यांत डोळे घातले, मला दिसल्या नाहीत. सुरकुत्या आहेत गं त्याच्या पायाला!” मग त्यांनी आप्पांचा उजवा हात, तो वाकडा, प्लास्टरने माखलेला, आपल्या दोन्ही हातांत धरला. “हे तुमच्या हाताने झालं, आप्पा.”

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी करवंदं खात होते.

उतरताना मी बोलले. खूप बोलले. चप्पल चावते ते बोलले, क्लासातल्या बाईंबद्दल बोलले, करवंदाचा चीक ओठाला लागला की किती वेळ जात नाही ते बोलले. ते सोडून सगळं बोलले. प्रत्येक वळणाला ठरवायचे की पुढच्या वळणाला सांगू. वळणं संपली, पाटी आली, स्टेशन आलं. मास्तर साचा कोटात गुंडाळून छातीशी धरून बसले होते आणि माझं तोंड, जे कधी बंद नसतं, ते करवंदांनी काळं झालेलं आणि बंद.

रात्री आप्पांनी विचारलं, “सांगितलंस?”

मी म्हटलं, “हो.”

का म्हटलं? सांगता येत नाही. दमले होते. सतरा वर्षांच्या मुलीला दमायला काय झालं असं तुम्ही म्हणाल. पण त्या वर्षी दमणं हवेतच होतं, शाडूच्या पुडीसारखं, सगळ्यांच्या अंगावर सारखं बसायचं.

सोमवारी मास्तर क्लासवर आले, हातात इंग्रजीत लिहिलेलं पत्र. मी टाइप केलं. मध्ये दोन कार्बन घालून. सुरकुत्यांचा परिच्छेद त्यांनी तीनदा खोडून परत लिहिलेला. एकही चूक केली नाही मी. आयुष्यात एवढं स्वच्छ टाइप केलेलं मला दुसरं आठवत नाही. बोटं आपली आपण पळत होती, मी कुठेतरी मागे उभी होते. शेवटी सही, सहीखाली ‘सायन्स टीचर’. घरी सांगितलं तेव्हा आप्पा म्हणाले, “टाकीचा कळान पण धाडल्यानी? बरा. तेंची मर्जी.” आणि पाठ वळवून झोपले.

पाऊस येऊन गेला. गणपती आले, गेले. दिवाळीत, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, आमच्याकडे कारखानदार फराळाला बसले होते. त्यांच्या मनात आप्पांना पुढच्या साली निदान लहान मूर्तींच्या आखणीला बसवायचं होतं. तसं ते बोललेच होते, “हात बरा झालाय म्हणतात, पावलं काढलीत ना रानातली.” आई चकल्या वाढत होती, मी चहा ओतत होते. आणि दारात मास्तर. बुटांवर लाल धूळ. सरळ कान्हेरीहून आलेले.

“येऊन गेले ते विद्वान,” म्हणाले. बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “दोन मिनिटं बघितलं त्यांनी. मांडवाचे खांब होते, आप्पा. पावसाळ्यात भिक्षू लेण्याबाहेर मांडव घालायचे. तुमच्या गल्लीत घालता ना, तसाच. खांब रोवायला खड्डे, आणि पुढे त्या तीन खाचा, पाचरी मारायला. सुरकुत्या म्हणजे टाकीचे घाव.” ते हसले. हसताना खोकला आला. मी चहा दिला. कपाकडे बघत ते म्हणाले, “मी एक बावळट. दगडवाला. पण आप्पा, तुमच्या हातालाही कळलं नाही?”

आरोप नव्हता हो त्यात. उलट, काहीतरी मागत होते.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा त्यांना कळलं की मी सांगितलंच नव्हतं. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर कळताना दिसलं. माझ्या हातात किटली. मी तोंड उघडलं. शपथेवर सांगते, उघडलं होतं.

“नाय कळला, मास्तर,” आप्पा म्हणाले. “हात आता तसो ऱ्हवलो नाय.”

कारखानदारांनी चिवड्याचा घास तोंडात टाकला आणि आप्पांच्या मनगटाकडे बघितलं. झालं. आखणीचं पुन्हा कुणी बोललं नाही.

त्यानंतर आप्पा कारखान्यात शाडू मळतात. पायाने मळायचा असतो तो. धोतर गुडघ्यापर्यंत खोचून गोल गोल चालतात, भिंतीला एक हात लावून. मी कधी निरोप द्यायला जाते तेव्हा ओल्या मातीत त्यांची पावलं दिसतात. एक खोल, एक उथळ, कुठे टाच घसरलेली, कुठे नुसती बोटं. मी बघते आणि बाहेर येते. डोळे आता दुसराच कुणीतरी आखतो. चांगले आखतो. बघताना कुणाचा श्वास अडकत नाही एवढंच.

या महिन्यात राज्य आलं. रोषणाई झाली, साखर वाटली, बाबांनी ओरडून ओरडून उरलेला घसाही घालवला. मी नाचले! खोटं कशाला बोलू, खूप नाचले. आप्पा गॅलरीत कठड्याला धरून उभे होते. “झाला एकदाचा,” म्हणाले आणि आत जाऊन आडवे झाले. मला वाटलं, आता सगळं परत मिळतंय तर आप्पांची आखणीही मिळेल. तेव्हापासून ते आतल्या आत शिजत होतं. पण तोंड उघडलं नाही, तुम्हाला पटणार नाही, दोन आठवडे. आज सकाळी ते पोतं फुटलं आणि मी तशीच कामावर न येता मागे वळले, कारखान्यात गेले. या आठवड्यात मिलची पाळी दुपारची, म्हणून आप्पा सकाळीच मातीत गोल गोल चालत होते. मी एका दमात सांगितलं. “आप्पा, रविवारी मी गिरगावात जाणार. मास्तरांना सांगणार की तुम्हाला तिथल्या तिथे कळलं होतं. मग कारखानदारांना सांगणार. तुमचा हात गेलेला नाही हे सगळ्यांना कळलं पाहिजे.”

ते चालायचे थांबले नाहीत. “माझो हात माका म्हायत असा.”

“पण लोकांना...”

“गो, मास्तर अजून दर दिवाळीक आमच्याकडे येतत. कित्याक येतत? दगडाबद्दल आता कोणाकडे बोलणत नाय. शाळेत जाणत नाय. पण हय येतत, चाय पितत, माझ्या हाताकडे बघतत नि म्हणतत, ‘आप्पा, आपण दोघंही फसलो.’” आप्पांनी भिंतीवरचा हात बदलला. “एकट्यान फसणा लय जड, चेडवा. दोघांनी फसला तर निदान चाय पिऊक येता.”

मी उभीच, साडीच्या काठावरची माती झटकत.

“जा, कामाक उशीर होतलो,” म्हणाले.

आता रविवार परवावर आलाय. गेले तर आप्पांचे डोळे परत मूर्तींना मिळतील, कदाचित, आणि मास्तर एकटे पडतील. नाही गेले तर आप्पा असेच गोल गोल चालतील, आणि ते माझ्यामुळे, आणि त्यांनी मला एकदाही, एकदाही बोल लावलेला नाही. सांगून मोकळी होईन ती फक्त मी. दमून गेलेय मी याच्याने. तुमच्या बाबतीत झालंय का हो असं? एक साधं वाक्य वेळेवर बोलायचं राहिलं आणि तोवर दुसऱ्या दोन माणसांनी त्या न बोलण्यावर आपलं बसणं-उठणं मांडून टाकलं? मग तुम्ही काय केलंत? बोललात?